कोण कुठे आहे? लोकेशन सांगणाऱ्या ॲप्सचं ऑस्टिनपासूनचं गणित

इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेत नकाशा सुरू केला आणि लगेच इशारे फिरू लागले: ताबडतोब बंद करा, तुमचं घर सगळ्यांना दिसतंय. प्रत्यक्षात त्या नकाशावर दोन निराळ्या गोष्टी शेजारी शेजारी दिसत होत्या. एक म्हणजे, ज्याने स्वतःहून परवानगी दिली आहे त्याने ॲप शेवटचं उघडलं तेव्हाचं त्याचं ठिकाण. दुसरी म्हणजे, कुणी ठिकाणाचं नाव जोडून टाकलेली स्टोरी किंवा रील. ही दुसरी गोष्ट नकाशावर दिसली की पहिलीही आपोआप चालू झाली असणार, असं अनेकांनी धरून चाललं. शेवटी इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांना खुलासा करावा लागला की लोकेशन देणं मुळात बंदच असतं, ज्याचं त्याने चालू करायचं असतं.

‘मी इथे आहे’ असं आपण सांगणं आणि आपण कुठे आहोत हे फोनने परस्पर सांगत राहणं, यांची सरमिसळ पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. तिची मुळं शोधायची तर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात जावं लागतं. तिथे दर मार्चमध्ये साउथ बाय साउथवेस्ट नावाचा महोत्सव भरतो, आणि लोकेशनची सुरुवातीची बरीच गाजलेली ॲप्स तिथूनच लोकांपुढे आली.

## ऑस्टिनमध्येच का?

महोत्सव १९८७मध्ये सुरू झाला तो संगीताचा. १९९४मध्ये त्याला चित्रपट आणि मल्टिमीडियाची जोड मिळाली आणि त्या शाखेतून पुढे तंत्रज्ञानाचा स्वतंत्र मेळावा उभा राहिला. २००७मध्ये ट्विटरने तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरच्या व्हरांड्यात साठ इंची दोन पडदे लावले आणि लोकांचे संदेश त्यांवर सरकवत ठेवले. दिवसाला २० हजारांच्या घरात असलेली ट्वीट्सची संख्या त्या दिवसांत ६० हजारांवर गेली. तेव्हापासून ॲप काढणारा प्रत्येक जण मार्चकडे डोळे लावून बसू लागला.

लोकेशनच्या ॲपला तर याहून सोयीची जागा मिळणं कठीण. हजारो माणसं बाहेरगावहून आलेली, शहर अनोळखी, सगळा कार्यक्रम पायी फिरता येईल एवढ्या भागात, हातात नवे फोन आणि संध्याकाळी एकाच वेळी दहा ठिकाणी पार्ट्या. आपली माणसं आत्ता कुठे आहेत, हा प्रश्न तिथे खरोखर पडतो.

मार्च २००९मध्ये डेनिस क्राउली आणि नवीन सेल्वादुराई यांनी तिथे फोरस्क्वेअर आणलं, म्हणजे आपण कुठे आलो आहोत ते मित्रांना कळवायचं ॲप. क्राउलीची ही दुसरी खेप. त्याआधी त्याने ॲलेक्स रेनर्टबरोबर डॉजबॉल नावाची सेवा चालवली होती. तिला फोनमध्ये जीपीएस असण्याचीही गरज नव्हती. बारमध्ये पोचलात की त्या जागेचं नाव एसएमएसने पाठवायचं. सेवा पत्ता शोधून काढायची आणि दहा ब्लॉकच्या आत असलेल्या मित्रांना, मित्रांच्या मित्रांना कळवायची. गूगलने २००५मध्ये डॉजबॉल विकत घेतलं, संस्थापक २००७मध्ये बाहेर पडले आणि २००९च्या सुरुवातीला गूगलने ती सेवा बंद केली. काही आठवड्यांत फोरस्क्वेअर आलं. त्याच सुमारास खुद्द ऑस्टिनमधल्या एका कंपनीचं गोवाला हे ॲपही रिंगणात उतरलं, आणि २०१०चा महोत्सव या दोघांच्या झुंजीसाठी लक्षात राहिला. फोरस्क्वेअरवाल्यांनी कन्व्हेन्शन सेंटरबाहेर खडूने चौकोन आखून त्याच नावाचा चेंडूचा खेळ मांडला. अमेरिकी शाळांच्या मैदानांवर खेळतात तोच. जाहिरातीचा खर्च म्हणजे खडू आणि चेंडू!

## फोनला ठिकाण कळतं कसं?

पुढचं सगळं यावर अवलंबून असल्याने इथे जरा थांबायला हवं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो की मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. हा संदेश फोनपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. नेमका किती वेळ लागला यावरून त्या उपग्रहाचं अंतर निघतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं; त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. ही घड्याळाची चूक वजा करायला चौथा उपग्रह लागतो.

उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो, त्यामुळे एका उपग्रहाची कामापुरती माहिती उतरवून घ्यायला अर्धा मिनिट जातं. फोन हे टाळतो. ती माहिती तो मोबाइल नेटवर्कवरून आधीच मागवून ठेवतो. डेटा बंद ठेवून नव्या गावात नकाशा उघडलात की निळा ठिपका बराच वेळ जागचा हलत नाही, त्याचं कारण हे.

मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि ठिपका रस्त्यापलीकडे उडी मारतो. छपराखाली तर संदेश जवळजवळ पोचतच नाही. मग फोन वाय-फायकडे वळतो. आजूबाजूच्या राउटरांचे ओळखक्रमांक तो ऐकतो (त्यासाठी त्यांना जोडलेलं असावं लागत नाही) आणि कोणता राउटर कुठे आहे याच्या प्रचंड यादीशी ताडून पाहतो. त्यातून साधारण वीस-तीस मीटरपर्यंतचा अंदाज मिळतो. तेही नसेल तर मोबाइलचा टॉवर उरतो. त्यात चूक शहरात काहीशे मीटर, गावाकडे काही किलोमीटर.

महोत्सवात या सगळ्याच पद्धती अडखळतात. कार्यक्रम बंद सभागृहात, म्हणजे जीपीएस बाद. वाय-फायचे राउटर त्या आठवड्यापुरते दुसऱ्या शहरातून आणलेले असतात आणि यादीत त्यांची जुनीच जागा नोंदलेली असते, त्यामुळे फोन छातीठोकपणे सांगतो की तुम्ही भलत्याच शहरात आहात. तंत्रज्ञानाच्या मेळाव्यांना जाणाऱ्यांना हा घोळ चांगला ओळखीचा आहे. एकावर एक दोन मजल्यांवर दोन कार्यक्रम असतील तर नकाशावरच्या ठिपक्याला मजला कळत नाही. आणि माणसं एवढी की टॉवरच तुंबतात. २००९मध्ये ऑस्टिनला जमलेल्या आयफोनवाल्यांनी एटी अँड टी या मोबाइल कंपनीचं नेटवर्क असं तुंबवलं की कंपनीला महोत्सव चालू असतानाच क्षमता वाढवावी लागली.

## चेक-इन नेमकं काय सोडवत होतं?

चेक-इन म्हणजे ॲप उघडायचं, जवळपासच्या ठिकाणांच्या यादीतून एक निवडायचं आणि ‘मी इथे आलो’ अशी नोंद करायची. फोनला फक्त ‘अमुक चौकाच्या आसपास’ एवढं कळलं तरी चालतं. तळमजल्यावरचं हॉटेल की वरचं सभागृह, हे माणूस सांगतो. जीपीएसची उणीव माणसाच्या एका टिचकीने भरून निघते.

दोन प्रतिस्पर्ध्यांनी इथे वेगळी वाट धरली. तुम्ही खरोखर त्या जागेजवळ असल्याशिवाय गोवाला चेक-इन होऊ देत नसे. दिसायला हे प्रामाणिक, पण सभागृहाच्या आत ठिपका तीनशे मीटर लांब पडला की दारात उभा असलेला माणूसही ‘तुम्ही इथे नाही’ हे उत्तर वाचत बसायचा. फोरस्क्वेअरने सुरुवातीला कुणालाही कुठेही चेक-इन करू दिलं. त्याचा त्रास वेगळा. मागच्या ६० दिवसांत एखाद्या जागी सर्वांत जास्त दिवस चेक-इन करणारा तिथला ‘मेयर’ ठरायचा, त्या पदासाठी लोक घरबसल्या चेक-इन करू लागले. एप्रिल २०१०मध्ये फोरस्क्वेअरने तडजोड काढली: लांबून केलेली नोंद तुमच्या इतिहासात राहील, मित्रांना दिसेल, पण तिचे गुण मिळणार नाहीत. जिथे चूक फोनची असू शकते तिथे माणसाला दारात अडवायचं नाही, फक्त बक्षीस रोखायचं. मला हा त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

बिल्ल्यांची गंमतही होती. एकाच जागी एका वेळी पन्नास जण चेक-इन झाले की सगळ्यांना ‘स्वॉर्म’चा बिल्ला मिळे. एरवी तो मिळायला नशीब लागायचं, ऑस्टिनमध्ये रोज संध्याकाळी मिळायचा.

चेक-इनमधला सभ्यपणा, म्हणजे मी सांगितल्याशिवाय काही कळणार नाही हा नियम, फक्त तत्त्वातून आला नव्हता. जुलै २००८मध्ये जीपीएस असलेला आयफोन आणि ॲप स्टोअर एकदमच आले. पण बाहेरच्या कंपनीचं ॲप मिटलं की तिथेच थांबायचं. पडद्यामागे चालू राहण्याची मुभा मिळाली ती जून २०१०च्या आयओएस ४मध्ये, म्हणजे आयफोनच्या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत. तोवर ॲप उघडल्याशिवाय त्याला तुमचं ठिकाण कळण्याचा मार्गच नव्हता.

## आपोआप कळलं तर बिघडलं कुठे?

तो मार्ग खुला झाल्यावर २०१२च्या महोत्सवात हायलाइट, ग्लॅन्सी, सोनार अशा ॲप्सची लाट आली. त्यांत काही नोंदवायचं नव्हतं. ॲप खिशात चालू राहणार आणि ओळखीच्या ओळखीतला कुणी जवळून गेला की फोन थरथरणार: हा अमुक, तुम्हा दोघांचे इतके मित्र सामाईक.

पहिला बळी गेला बॅटरीचा. दर अर्ध्या मिनिटाला जागा शोधून सर्व्हरला पाठवायची तर जीपीएसची चिप जागी राहते, हे उघडच आहे. कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे, एवढासा संदेश पाठवल्यावरही मोबाइलचा रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून तो काही सेकंद पूर्ण ताकदीवर थांबतो. मग पुढच्या संदेशाची वेळ येते. फोनला दिवसभर डुलकीच मिळत नाही, आणि महोत्सवात संध्याकाळपर्यंत चार्जिंगचा पॉइंट शोधत फिरणारी माणसं भिंतीकडेला बसलेली दिसतात.

आजची ॲप्स हे टाळायला मुकाट्याने अंदाज बांधतात. हालचाल मोजणारा सेन्सर म्हणाला फोन टेबलावर पडून आहे, तर जीपीएस लावायचंच नाही. आयफोनमध्ये ‘मोठा बदल झाला तरच उठव’ अशी सोय आहे. ती साधारण ५०० मीटर सरकल्यावर ॲपला जागं करते, आणि तेही पाच मिनिटांतून एकदाच. अँड्रॉइडने २०१७पासून पडद्यामागच्या ॲपला तासातून मोजक्या वेळाच ठिकाण द्यायला सुरुवात केली. म्हणून ‘आत्ता इथे’ असं लिहिलेला ठिपका बऱ्याचदा मघाचा असतो.

दुसरी अडचण माणसांची होती. अनोळखी माणूस येऊन ‘तुम्ही हे ना?’ म्हणतो, याचं महोत्सवात कौतुक वाटतं. सगळे ओळखी वाढवायलाच आलेले असतात. तीच थरथर मंगळवारी बाजारात भाजी घेताना झाली तर मागे वळून बघावंसं वाटतं.

## महोत्सवात चाललं, मग घरी का नाही?

जत्रेत भेळेची गाडी दणक्यात चालते म्हणून तीच गाडी एरवी त्याच ओसाड माळावर लावली तर काय होईल, तसंच हे. पण ‘गर्दी नव्हती’ एवढं म्हणून भागत नाही. आकडा मांडून पाहिला तर फरक किती पटींचा आहे ते कळतं.

समजा, दोन चौरस किलोमीटरमध्ये २० हजार माणसं आहेत आणि दहातल्या एकाकडे ॲप आहे. म्हणजे चौरस किलोमीटरला हजार जण. तुमच्याभोवती १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात साधारण ३१ जण सापडतील. आता सगळे घरी परतले. शहरात चौरस किलोमीटरला ५ हजार वस्ती आहे आणि दहा हजारांतल्या एकाकडे ॲप. त्याच वर्तुळात आता ०.०१६ माणूस. एक जण सापडायला अशी ६० हून जास्त वर्तुळं पालथी घालावी लागतील. ॲप बदललेलं नाही, पण उत्तर दोन हजार पटींनी आटलं.

मित्रांपुरतंच ॲप असलं तरी गणित दयाळू होत नाही, कारण भेट व्हायला दोघांकडेही ते लागतं. वीस मित्रांच्या टोळक्यात जोड्या १९० होतात. दहा जणांनी ॲप घेतलं तर लोक निम्मे, पण जोड्या ४५, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही थोड्या कमी. दोघांनीच घेतलं तर १९० पैकी एक.

गोवाला डिसेंबर २०११मध्ये फेसबुकने ताब्यात घेतलं आणि मार्च २०१२मध्ये बंद पडलं. ग्लॅन्सीही त्याच वर्षी फेसबुककडे गेलं. हायलाइट काही वर्षं रेटत राहिलं. त्याचा कर्ता पॉल डेव्हिसन पुढे क्लबहाउस हे गप्पांचं ॲप काढणाऱ्यांपैकी एक. याउलट जी सोय टिकली ती आधीच सगळ्यांच्या फोनमध्ये असलेल्या ॲपच्या पोटात शिरून टिकली: ॲपलचं मित्र शोधण्याचं ॲप २०११मध्ये आलं, स्नॅपचॅटचा नकाशा जून २०१७मध्ये, गूगल मॅप्समधलं शेअरिंग त्याच वर्षी आणि व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन ऑक्टोबर २०१७मध्ये. वीसही मित्र तिथे आधीच हजर होते. गर्दी जमवण्याचा प्रश्नच उरला नाही.

## ‘नुसतं अंतर दाखवतात, त्यातून काय कळणार?’

ओळखी जुळवणारी बरीच ॲप्स नकाशा दाखवत नाहीत, फक्त ‘३ किलोमीटरवर’ असं सांगतात. हे सुरक्षित वाटतं. पण मी तीन वेगवेगळ्या जागी उभा राहून तुमचं अंतर विचारलं आणि प्रत्येक अंतराचं वर्तुळ नकाशावर काढलं, तर तिन्ही वर्तुळं एकाच बिंदूत छेदतात. त्यासाठी मला जागेवरून उठावंही लागत नाही. ॲपला खोटं लोकेशन पुरवलं की झालं. २०१४च्या सुरुवातीला एका सुरक्षा कंपनीने टिंडरबाबत नेमकं हेच दाखवून दिलं. पडद्यावर पूर्णांक मैल दिसत असले तरी सर्व्हरकडून येणाऱ्या आकड्यात दशांशांची लांबलचक शेपटी होती.

मग आकडा सर्व्हरवरच पूर्णांकात आणला तर? तरी पुरत नाही. खोटं लोकेशन थोडं थोडं सरकवत न्यायचं आणि उत्तर १ वरून २ कुठे होतं ते पाहायचं. त्या क्षणी अंतर नेमकं किती, हे कळलेलं असतं. अशा तीन सीमा सापडल्या की पुन्हा बिंदू हाती. ॲपने दर वेळी उत्तरात मुद्दाम थोडी कमी-जास्त चूक मिसळली, तरी शंभरदा विचारून सरासरी काढता येते. खात्रीचा उपाय वेगळाच: नकाशाचे ठरावीक चौकोन पाडायचे, माणसाचं ठिकाण आधी चौकोनाच्या मध्यावर नेऊन ठेवायचं आणि अंतर तिथून मोजायचं. मग कितीही विचारा, चौकोनच कळेल.

असे चौकोन सर्व्हरला तसेही लागतात. लाखो लोकांपैकी जवळ कोण, हे प्रत्येकाशी अंतर मोजून काढायचं तर उत्तर मिळेपर्यंत माणूस निघून जाईल. म्हणून प्रत्येकाला चौकोनाचं नाव देतात आणि त्या नावाची माणसं तेवढी चाळतात. जिओहॅश नावाच्या रूढ पद्धतीत सात अक्षरांचा चौकोन दीडशे मीटरच्या आसपास असतो, पाच अक्षरांचा सुमारे पाच किलोमीटरचा. नवशिक्या प्रोग्रामरची नेहमीची चूक म्हणजे फक्त स्वतःचाच चौकोन तपासणं. रेषेच्या अल्याड-पल्याड पाच मीटरवर उभे असलेले दोन मित्र मग एकमेकांना दिसतच नाहीत. भोवतालचे आठही चौकोन पाहावे लागतात.

## ‘नाव काढून टाकलं की प्रश्न मिटला’

मिटत नाही. २०१३मध्ये एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की तास आणि टॉवर एवढ्याच ढोबळ अचूकतेच्या फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येतात. आश्चर्य वाटू नये. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, ही जोडीच बहुतेकांच्या बाबतीत एकमेव असते. त्या दोन ठिकाणी नावाची पाटी असतेच.

आणि नाव असलेली माहिती तर लोक आपण होऊन देत होते. फेब्रुवारी २०१०मध्ये नेदरलँड्सच्या तिघा तरुणांनी ‘प्लीज रॉब मी’ नावाची वेबसाइट काढली. ट्विटरवर जाहीर पडलेली फोरस्क्वेअरची चेक-इन्स त्यांनी नुसती एका ओळीत लावली, अर्थ असा की हे सगळे आत्ता घरी नाहीत. मार्च २०१२मध्ये एका रशियन कंपनीच्या ॲपने याहून ओंगळ प्रकार केला: जवळपास चेक-इन झालेल्या मुली नकाशावर दाखवायच्या आणि सोबत त्यांचं फेसबुकवर जाहीर असलेलं नाव, फोटो. बोभाटा झाल्यावर फोरस्क्वेअरने त्या ॲपची जोडणी तोडली. कुठलंही कुलूप फोडलेलं नव्हतं. दोन ठिकाणी वेगवेगळी ठेवलेली माहिती एका पडद्यावर आणली, एवढंच.

## ‘फुकट देतात, मग पोट कशावर भरतात?’

बिल्ल्यांवर तर नक्कीच नाही. फोरस्क्वेअरने २०१४मध्ये चेक-इन वेगळ्या ॲपमध्ये काढलं आणि आपला धंदा हळूहळू जागांच्या माहितीकडे वळवला. एप्रिल २०१६मध्ये कंपनीने चिपोत्ले या खाद्यसाखळीबद्दल भाकीत केलं की पहिल्या तिमाहीत आधीपासून चालू असलेल्या दुकानांची विक्री साधारण ३० टक्क्यांनी घटेल. मुख्य आधार: किती फोन दुकानात पाऊल टाकतात. चिपोत्लेने जाहीर केलेली घट होती २९.७ टक्के. अशा अंदाजासाठी कुणाचं नाव लागत नाही, आणि त्याला गिऱ्हाईक भरपूर मिळतं. फोरस्क्वेअरचं गावदर्शनाचं मूळ ॲप डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. कंपनी ठिकाणांची माहिती विकत अजून चालू आहे.

कुटुंबांसाठी चालणारं लाइफ३६० हे ॲप मुलांसकट सगळ्यांची ठिकाणं माहितीच्या दलालांना विकत असल्याचं २०२१मध्ये उघड झालं. कंपनीने नंतर नेमकी ठिकाणं विकणं बहुतांशी थांबवलं.

## ‘घरच्यांच्या काळजीपोटी चालू ठेवतो, त्यात काय?’

त्यात वाईट काहीच नाही, फक्त पिन आणि लाइव्ह यांतला फरक लक्षात असावा. पिन म्हणजे एक जागा. ती पाठवून तुम्ही निघून गेलात तरी पिन तिथेच. लाइव्ह लोकेशन तुमच्याबरोबर हलतं. या फरकाने आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. दिल्लीतल्या एका जामिनाच्या प्रकरणात आरोपीने गूगल मॅप्सची पिन तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, अशी अट घातलेली होती. गूगलने न्यायालयाला सांगितलं की पिनवरून माणसाचा माग लागतच नाही. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ८ जुलै २०२४ रोजी ती अट रद्द केली. आरोपीवर अखंड पाळत ठेवता येईल अशी जामिनाची अट घालणं राज्यघटनेच्या २१व्या कलमाशी (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) विसंगत ठरतं, असं न्यायालयाने म्हटलं. घरात एवढी कलमं लागत नाहीत. पण अठरा वर्षांच्या मुलीचं लोकेशन तिच्या संमतीने चालू आहे की तिला न विचारता, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

व्हॉट्सॲपमध्ये चॅट उघडून अँड्रॉइडवर जोडणीच्या क्लिपवर आणि आयफोनवर अधिकच्या खुणेवर टिचकी मारली, लोकेशन निवडलं की लाइव्हचा पर्याय येतो. मुदती तीनच: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. मुदत संपली की ते आपोआप थांबतं. रात्रीच्या एसटीने निघालेल्या माणसाला ८ तास कधी कधी अपुरे पडतात. मधल्या थांब्यावर पुन्हा सुरू करावं. आत्ता कुणाकुणाला चालू आहे हे सेटिंग्ज, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन इथे एकत्र दिसतं. गूगल मॅप्स आणि ॲपलच्या ॲपमध्ये ‘बंद करेपर्यंत’ असाही पर्याय असतो, तोच बहुधा विसरला जातो. प्रवासापुरतं द्यायचं असेल तर तासाच्या हिशेबाने द्यावं.

बाकी ॲप्सना किती द्यायचं, ते फोनच्या सेटिंग्जमध्ये ठरतं. आयफोनवर प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये, अँड्रॉइडवर लोकेशनमधल्या ॲप परवानग्यांत प्रत्येक ॲपचं नाव असतं. ‘नेहमी’ परवानगी असलेली ॲप्स आधी पाहा. वाट दाखवणारं किंवा कुटुंबाचं ॲप सोडलं तर ‘वापरत असताना’ एवढं जवळजवळ सगळ्यांना पुरतं. त्याच पानावर ‘अचूक लोकेशन’चं बटण असतं; आयफोनवर ते २०२०च्या आयओएस १४पासून आहे, अँड्रॉइडवर २०२१च्या आवृत्ती १२पासून. ते बंद केलं की अँड्रॉइड ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा पट्टा सांगतो. हवामानाच्या, बातम्यांच्या ॲपला तेवढं भरपूर झालं. टॅक्सी बोलावताना मात्र चालू हवं, नाहीतर गाडी दोन गल्ल्या सोडून उभी राहील.

आणि समोरच्याचा ठिपका हलत नसेल तर काळजीत पडण्याआधी त्याच्याखाली लिहिलेली शेवटच्या अपडेटची वेळ वाचा. घाटात रेंज नसेल, बॅटरी सेव्हर लागला असेल, किंवा फोनने पडद्यामागचं ॲप मिटवून टाकलं असेल, तर ठिपका जिथल्या तिथे गोठतो आणि गाडी पुढच्या गावाला पोचलेली असते. ज्या फोनवर हे वारंवार होतं त्यावर बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बंधन काढावं लागतं.